चुकलेली टाळी

मैत्रिणींनो, गाण्याच्या बैठकीला ठेवणीतलं पातळ नेसून जायचं, शेजारीण मान डोलावील तेव्हा आपणही डोलवायची, आणि मनात मात्र 'सकाळचं विरजण लावायचं राहिलं' हाच घोळ घालत बसायचं, असं तुमच्यापैकी कितीजणींनी केलंय? लाजू नका. मीही त्यातलीच होते. फरक एवढाच, की मी मान डोलावून थांबले नाही. मी बोलले.

१९७४ सालची गोष्ट. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. माझं माहेर बार्शीचं. आमच्याकडे गाणं म्हणजे एकादशीचं भजन, हादग्याची गाणी आणि शेजारच्या वाड्यातून ऐकू येणारा रेडिओ. सासर पुण्यात, सदाशिव पेठेत, आणि घर पक्क्या गाण्याचं. पक्कं गाणारं नव्हे हं, ऐकणारं. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला १९५३ साली. तेव्हापासून घरातले पुरुष घोंगडी आणि चहाचा थर्मास घेऊन रात्र-रात्र तिथे बसायचे. दिवाणखान्यात एका खुंटीवर गवसणी घातलेला तंबोरा टांगलेला असे. तो कुणाचा, असं मी यांना विचारलं तर म्हणाले, "असेल आजोबांचा."

तर यांच्या एका वरिष्ठांच्या घरी बैठक होती. गवईबुवा आले, तंबोरे जुळायला लागले, तबलजी हातोडीनं ठाकठूक करत तबला लावायला लागले. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. मग सगळं एकदम थांबलं. मला वाटलं, पहिलं गाणं झालं! काहीतरी बोलायला हवं, नाहीतर अडाणी दिसू, म्हणून मी चांगलं खणखणीत म्हणाले, "वा! फार छान!" आणि टाळीही वाजवली.

पुढचं सांगत नाही. बायकांच्या बाजूला पदर तोंडाशी गेले. परत येताना रिक्षात हे अवाक्षर बोलले नाहीत, आणि घराच्या पायरीवर म्हणाले, "पुढच्या वेळी तुला उगीच त्रास नको. तू घरीच थांब."

(पुष्कळ वर्षांनी मला कळलं की १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशाच्या मदतीसाठी जो मोठा जलसा झाला, त्यात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्यं जुळवली तर हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रविशंकर हसून म्हणाले, जुळवणं एवढं आवडलं तर वाजवणंही आवडेल अशी आशा आहे. हे तेव्हाच ठाऊक असतं तर रात्रभर उशी भिजली नसती.)

सासूबाईंनी पायरीवरचं ते वाक्य ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. त्यांनी डब्यातून मूठभर चिंचोके काढले आणि पाटावर मांडायला लागल्या. चार, मग जरा जागा सोडून चार, असे सोळा. पहिल्या चिंचोक्याच्या जागी एक सुपारी ठेवली. तिसऱ्या चौकडीतला पहिला चिंचोका उचलून ती जागा रिकामीच ठेवली.

"हा तीनताल," त्या म्हणाल्या. "सोळा मात्रा. सुपारी आहे ती सम. रिकामी जागा आहे ती खाली. भजनात टाळ वाजवलेस ना माहेरी? मग हे तुला येतं. फक्त नाव ठाऊक नाही."

मी चाटच पडले. या बाईंच्या तोंडून मी आजवर वाणसामान आणि वार-सण यांच्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं! त्या बोटानं एकेका चिंचोक्याला शिवत हळू आवाजात बोल म्हणायला लागल्या: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आणि बोट फिरून सुपारीवर. हे एक आवर्तन.

मैत्रिणींनो, पक्कं गाणं ऐकायला एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. राग नाही ओळखता आला तरी चालेल, पण सम ओळखा. गवई कितीही लांब हिंडून येवो, चिजेचा पहिला तुकडा (त्याला मुखडा म्हणतात) घेऊन तो समेवर येऊन पडतो, आणि त्याच क्षणी तबल्याचा 'धा' पडतो. मैफलीत सगळ्यांचे हात एकदम खाली येतात ते तिथे. आणि सम चुकू नये म्हणून आधी एक खूण मिळते. नवव्या मात्रेपाशी डग्ग्याचा घुमारा थांबतो, तबला एकदम हलका, पोकळ वाजायला लागतो. ती खाली. म्हणजे अर्धी वाट झाली, आता परतीला लागा. सासूबाई म्हणायच्या, "पेठेत भाजीला गेलीस तरी घर कुठल्या बाजूला ते पायांना ठाऊक असतं ना? तसं."

झपताल दहा मात्रांचा, एकताल बाराचा, रूपक सातांचा, दादरा सहांचा. रूपक जरा तऱ्हेवाईक आहे, त्याची समच खालीवर येते. तो मला आजही कधीकधी चकवतो.

मी पंधरा दिवस पोळ्या लाटताना, केर काढताना, नळाखाली बादली भरताना सोळा मोजत होते. मग त्यांनी मला रेडिओवर विलंबित ऐकवला आणि माझं सगळं गणित बुडालं. विलंबित म्हणजे संथ. विलंबित एकतालाचं एक आवर्तन कधीकधी मिनिटभर चालतं. तेवढ्यात आमटीला फोडणी देऊन होते! तिथे मात्रा मोजायच्या नाहीत, तबल्याचे ठळक बोल धरून ठेवायचे, असं त्यांनी सांगितलं. ते जमायला मला वर्ष लागलं.

एवढं सगळं त्यांना कुठून येत होतं? तेही असंच तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. सासूबाईंचं माहेर मिरजेचं. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचं गाव; मंगळवेढा-पंढरपुराकडचे भोपळे आणून तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवतात. (२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं वाचलं तेव्हा मला आधी सासूबाईच आठवल्या.) अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहत. १९३७ साली ते वारले, त्याआधी लहानपणी वडिलांचं बोट धरून सासूबाईंनी त्यांचं गाणं ऐकलेलं. खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर. भल्या घरच्या लोकांनी तिकीट काढून ऐकावं अशा जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचं नाव आहे. सासूबाईंचे वडील म्हणाले, हिराबाई गातात तर माझी मुलगी का नको? घरी बुवा यायला लागले. नऊ वर्षं शिक्षण झालं. १९४२ साली लग्न होऊन त्या पुण्याला आल्या, बरोबर तंबोरा. त्यांच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आमच्या घरात गाणं ऐकतात. गात नाहीत."

तंबोरा खुंटीवर गेला तो गेलाच. तारा गंजून तुटल्या त्या कुणी बदलल्या नाहीत. त्यांच्या सासूबाई गेल्या, मामंजीही गेले, आता 'नको' म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं, पण त्यांच्या पोटच्या मुलालासुद्धा हे ठाऊक नव्हतं. त्याला तो तंबोरा आजोबांचा वाटत होता! आणि नीट पाहिलं असतं तर कळलं असतं, की बायकांच्या पट्टीचा तंबोरा पुरुषांच्या तंबोऱ्यापेक्षा लहान असतो.

त्या बिनतारांच्या तंबोऱ्यावर बोट ठेवूनच मी स्वर शिकले. चार तारा असतात. मधल्या दोन जोडाच्या, त्या षड्जात, म्हणजे 'सा'मध्ये. शेवटची खर्जाची, तीही सा, पण खालच्या सप्तकातली. आणि पहिली तार पंचमात. ज्या रागात पंचम नसतो तिथे ती मध्यमात नाहीतर निषादात लावायची. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात, त्यानं तो मधमाश्यांसारखा गुंजारव उठतो, ती जवारी. बैठकीच्या आधी इतका वेळ जुळवाजुळव का चालते ते आता मला उमगलं. पुढचे तीन तास या चार तारांच्या सावलीत काढायचे असतात. सावलीच वाकडी पडली तर गाणारा काय करणार?

स्वर सात हे आपण शाळेत शिकतो. पण त्यातले सा आणि प हलत नाहीत, अचल आहेत. रे, ग, ध, नी हे चार खाली उतरतात, म्हणजे कोमल होतात. एकटा म वर चढतो, तो तीव्र. सात अधिक पाच, बारा. पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या मोजून पाहा. या बारांतून राग कसे होतात याची व्यवस्था विष्णु नारायण भातखंडे यांनी लावली. १८६० ते १९३६ हा त्यांचा काळ. मुंबईचे वकील, पण वकिली सोडून देशभर हिंडले, उस्तादांकडून चिजा मिळवून लिहून ठेवल्या, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा चार भागांचा ग्रंथ मराठीत लिहिला. बिलावल, कल्याण, खमाज अशा दहा थाटांत त्यांनी राग बसवले. सासूबाईंना थाटांचं फारसं कौतुक नव्हतं. "मसाल्याचा डबा आहे तो," म्हणायच्या. "डबा हवा. पण डब्यानं स्वयंपाक येत नाही."

आता तुमची एक तक्रार मला ठाऊक आहे, कारण ती माझीही होती. 'एकच ओळ हे किती वेळ घोळतात!' मी हे बोलून दाखवल्यावर सासूबाई खुदकन हसल्या. ख्यालाच्या गीताला चीज म्हणतात, बंदिशही म्हणतात. तिचे दोनच तुकडे. अस्थाई खालच्या-मधल्या स्वरांत राहते, अंतरा वरच्या सा कडे झेप घेतो. शब्द मोजके, कारण ती गोष्ट सांगायला बसवलेली नसते. "शब्द म्हणजे खुंटी गं. रोज तिच्यावर काय अडकवतोस ते बघायचं." आधी विलंबितातला बडा ख्याल, त्यात एकेक स्वर उघडत जाणारी आलापी. मग बोल घेऊन लयीशी खेळणं, सरगम, ताना. मग द्रुत लयीतला छोटा ख्याल, तिथे तबला धावायला लागतो. कधी त्यानंतर तराणा, त्यात तर शब्दांना अर्थच नाही, 'तोम तनन' नुसतं. ख्यालाहून जुनं ते धृपद, पखवाजाच्या साथीचं, घनगंभीर. ठुमरी उलट नाजूक. तिथे शब्दातल्या भावासाठी रागाचे नियमही जरा सैल सोडतात. आणि नाट्यपदांमुळे आपण मराठी माणसांनी कितीतरी राग नाव न कळता ऐकलेले असतात, हे ध्यानात ठेवा. शेवटी भैरवी. रात्रभराची बैठक पहाटे संपायची आणि भैरवी सकाळची, म्हणून ती शेवटी. आता रात्री दहाला संपली तरी तीच. केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर तबकडीवरून अंतराळात गेली!

हे सगळं त्यांनी मला बोलून शिकवलं. सुपावर ताल धरून, हातानं हवेत वळणं काढून. गाऊन मात्र एक स्वर दाखवला नाही. मी एकदा म्हटलं, "आई, म्हणून दाखवा ना." त्या नुसत्या तांदळातला खडा शोधत राहिल्या.

अडलं ते भूप आणि देशकारापाशी. दोन्ही रागांत स्वर तेच पाच. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. कोमल-तीव्राचाही फरक नाही. मग राग दोन कसे? मला हे काही केल्या पटेना.

"रवा, साखर, तूप," सासूबाई म्हणाल्या. "त्याचाच शिरा आणि त्याचेच लाडू. खाताना चुकतेस का कधी?"

"पण आई, शिऱ्यात पाणी जास्त असतं, लाडवाला पाक असतो. इथे काय जास्त असतं?"

मग त्यांनी समजावलं. रागात एक स्वर राजा असतो, तो वादी. दुसरा त्याचा प्रधान, तो संवादी. भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. देशकाराचा उलटा, वादी धैवत आणि संवादी गंधार. भूप खालच्या अंगानं रमतगमत चालतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरी. देशकार सकाळचा, त्याचं सगळं लक्ष वरच्या अंगाला, ऋषभावर तो रेंगाळत नाही. मी मान हलवली. पण माझ्या डोळ्यांत त्यांना दिसलं असणार, की हे नुसते शब्द पोचले.

त्या उठल्या. दाराची कडी लावली. खिडकी ओढून घेतली. परत पाटावर बसल्या आणि त्यांनी सा लावला.

बरेच दिवस न उघडलेला नळ आधी कसा खरखरतो, तसा आवाज आधी खरखरला. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा लावला. मग गंधारावर आल्या आणि तिथेच थांबल्या. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून घर दोन मिनिटं गप्प होतं ना, तसं झालं. भूप. मग तेच स्वर, पण उडी घेऊन धैवतावर गेल्या, पंचमावर टेकल्या, पुन्हा धैवत. उजाडलं एकदम! अंगणात सडा पडला. मला कुणी सांगावं लागलं नाही. तेहतीस वर्षांनी गात होत्या त्या, आणि मला दाखवायचं ते दाखवून झाल्यावरही थांबल्या नाहीत.

दारावर थाप पडली तेव्हा आम्ही दोघी दचकलो. हे लवकर घरी आले होते. पायांतले बूटही न काढता उंबऱ्यात उभे.

"कोण गात होतं?"

सासूबाई सूप उचलत म्हणाल्या, "रेडिओ होता."

रेडिओ दहा दिवसांपासून दुरुस्तीला दिलेला होता, आणि यांनीच तो नेऊन दिला होता. यांनी त्या रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग खुंटीकडे पाहिलं. काही न बोलता हातपाय धुवायला गेले. मला रागच आला. निदान एक शब्द?

दोन दिवसांनी कचेरीतून आले ते हातात कागदाची पुडी. ओट्यावर, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली. आत तंबोऱ्याच्या तारा होत्या.

"दुकानदारानं विचारलं, गाणार कोण, पुरुष की बाई," हे माझ्याकडे न बघता, आईकडेही न बघता म्हणाले. "मी म्हटलं, बाई."

तारा चढवायला मिरजेहून कारागीर बोलवावा लागला नाही. सासूबाईंनी स्वतः चढवल्या. खुंट्या आवळताना दोनदा तार तुटली, तिसऱ्यांदा बसली. गवसणी मात्र मी धुवायला घेतली तर हातात फाटली, तेहतीस वर्षांची ती! माझ्या एका जुन्या इरकलीची नवी शिवली.

आता तर तंबोरा फोनमध्येच वाजतो. माझी नात तसाच लावते, आणि हव्या त्या गवयाचा हवा तो भूप तिला दोन मिनिटांत सापडतो. फार चांगलं झालं, उगीच जुन्याचं कौतुक करणाऱ्यांतली मी नव्हे. तुम्हीही आज संध्याकाळी कुणाचाही भूप लावा, उद्या सकाळी देशकार लावा. गंधार कुठला, धैवत कुठला, ते कळलं नाही तरी बिघडत नाही. दोन्ही वेळा सा रे ग प ध एवढंच आहे हे मनाशी धरा आणि कामं करत ऐका.

त्या बैठकीच्या घरून पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. यांनी मला "चल" म्हटलं, आणि आईंनाही. बायकांच्या बाजूला त्याच बायका होत्या, त्यांतल्या एकीनं मला ओळखून शेजारणीला कोपरानं ढोसलंही. तंबोरे जुळले, तबला लागला. मी ओठ मिटून बसले. विलंबितात दोन वेळा चुकले, पण मनातल्या मनात. मग द्रुत तीनताल सुरू झाला. सोळा चिंचोके माझ्या डोळ्यांपुढे होते. डग्गा गप्प झाला, खाली आली, मुखडा उचलला, आणि माझा हात आणि सासूबाईंचा हात एकदम मांडीवर पडला.

समोर पुरुषांच्या बाजूला यांचा हात एक मात्रा आधीच पडला होता. पुढच्या आवर्तनालाही तसंच. त्याच्याही पुढच्या. इतकी वर्षं सवाई गंधर्वला जाऊन!

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी गवयावरची नजर हलवली नाही, फक्त पदराआडून माझ्या दंडाला एक बारीकसा चिमटा काढला.